थांबायचे कोणी? जिल्ह्याच्या आरोग्याचे सामायिक अग्रक्रम

कोणत्याही जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात जे काम पहिल्या क्रमांकावर लिहिले जाते त्याच्या मागे सारलेल्या कामांची मोठी रांग उभी असते आणि ती रांग आराखड्यात कुठेही छापलेली नसते. निधी ठरावीक असतो, डॉक्टर आणि परिचारिका मोजक्या असतात, पावसाळ्यापूर्वी हाती राहणारे महिने त्याहून मोजके असतात. त्यामुळे एका रोगाच्या मोहिमेला माणसे दिली की दुसऱ्या रोगाच्या रुग्णाच्या दारी जाणाऱ्या फेऱ्या कमी होतात, हे कोणी मुद्दाम ठरवले नाही तरी घडतेच. प्रदेशाच्या आरोग्याचे अग्रक्रम ठरवणे म्हणजे थांबायचे कोणी, किती काळ आणि कोणाच्या संमतीने, हे ठरवणे होय. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच, की हा निर्णय ज्यांना थांबावे लागणार आहे त्यांच्यासमोर आणि त्यांच्या सहभागाने झाला तरच त्या अग्रक्रमांना सामायिक म्हणता येईल. आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यासाठी लागणारा अनुभव जामखेड आणि गडचिरोली येथील कामांतून गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत साठलेला आहे, तो जिल्ह्याच्या नियोजनात उतरवण्याचे काम मात्र बरेचसे बाकी आहे.

लोकांना विचारून आरोग्यव्यवस्था उभारावी, हा विचार भारतात नवा नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडताना प्रत्येक गावात ५ ते ७ जणांची आरोग्य समिती असावी, असेही सुचवले होते. अहवालातील केंद्रे, त्यांची लोकसंख्येशी घातलेली सांगड आणि त्यांची उतरंड स्वातंत्र्यानंतर हळूहळू प्रत्यक्षात आली, गावसमितीची शिफारस मात्र कित्येक दशके मागे पडली. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा आटा येथे १३४ देशांच्या प्रतिनिधींनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्यात आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असे स्पष्ट म्हटले होते. त्यानंतर एक वर्षही झाले नाही तोच ज्युलिया वॉल्श आणि केनेथ वॉरन या दोन अमेरिकी तज्ज्ञांनी १९७९ मध्ये 'निवडक' प्राथमिक आरोग्यसेवेचा प्रस्ताव मांडला. सर्व काही एकदम करणे गरीब देशांना परवडणार नाही, तेव्हा ज्या रोगांनी सर्वाधिक मृत्यू होतात आणि ज्यांवर स्वस्त, खात्रीचा उपाय आहे तेवढेच निवडावेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद खोटा नव्हता. लसीकरण आणि जलसंजीवनी यांनी वाचवलेली मुले खरीच आहेत. तथापि त्याने निवड करण्याचे काम गावाकडून काढून गणना करणाऱ्यांच्या हाती दिले, आणि ते पुढची अनेक वर्षे तिथेच राहिले.

या गणनेचे आज सर्वाधिक वापरले जाणारे साधन १९९३ च्या जागतिक बँकेच्या विकास अहवालातून जगभर पोहोचले. एखाद्या रोगामुळे अकाली मृत्यू आल्याने गमावलेली वर्षे आणि त्या रोगासह जगावे लागल्याने उणी झालेली वर्षे यांची बेरीज करून त्या रोगाचा 'भार' काढायचा, आणि ज्या उपायाने कमी खर्चात अधिक भार हलका होतो तो आधी घ्यायचा, अशी ही रीत आहे. तिचे मोल मान्य केले पाहिजे, कारण तिच्याआधी जे रोग मारत नाहीत पण माणसाला जन्मभर अंथरुणाला खिळवतात ते हिशेबातच नव्हते. मानसिक आजारांना धोरणात अधिक जागा मिळण्यास या गणनेने मोठा हातभार लावला. परंतु या आकड्यांच्या पोटात मूल्यनिर्णय दडलेले असतात, ही गोष्ट विसरता येत नाही. आरंभीच्या सूत्रात तरुण प्रौढाच्या आयुष्यातील एका वर्षाला लहान मुलाच्या किंवा वृद्धाच्या वर्षापेक्षा अधिक वजन दिले होते, आणि बऱ्याच टीकेनंतर २०१० सालासाठी केलेल्या जागतिक गणनेत ते वजन काढून टाकण्यात आले. म्हातारीच्या एका वर्षाची किंमत किती, हे कोणत्याही गावसभेने ठरवलेले नव्हते, तरी जवळजवळ दोन दशके ती किंमत जगभरच्या तक्त्यांतून फिरत होती.

गणना आणि लोकमत यांची जोड घालण्याचा बहुधा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने केला. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेत अधिक लोकांना सामावून घ्यायचे आणि त्यासाठी कोणते उपचार द्यायचे यावर मर्यादा घालायची, असे ठरवून त्या राज्याने १९८९ मध्ये कायदा केला, आयोग नेमला आणि लोकांची मूल्ये जाणून घेण्यासाठी राज्यभर ४७ जाहीर सभा भरवल्या. १९९० मध्ये तयार झालेल्या पहिल्या यादीत, खर्च आणि लाभ यांच्या शुद्ध हिशेबाने, दातावर टोपी बसवण्याचा उपचार गर्भाशयाबाहेरील गर्भधारणेवरील शस्त्रक्रियेच्या वर गेला. त्या शस्त्रक्रियेवाचून स्त्री दगावते, हे ठाऊक असलेल्या कोणालाही ही यादी पटणे शक्य नव्हते. आयोगाने ती मागे घेतली, पद्धत बदलली, आयुक्तांनी आपल्या विचाराने क्रम फिरवले आणि १९९१ च्या यादीतील ७०९ नोंदींपैकी ५८७ व्या नोंदीखाली रेघ ओढली गेली. या कथेतील पहिल्या यादीचे हसे पुष्कळ झाले आहे. त्यापेक्षा गंभीर गोष्ट अशी, की त्या जाहीर सभांना आलेल्यांत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांचाच भरणा मोठा होता आणि ज्यांचे उपचार रेघेखाली जाणार होते ते गरीब फार थोडे होते. सभा झाल्या, मते नोंदली गेली, आणि तरीही थांबायला लागणारी माणसे त्या खोलीत नव्हती.

जामखेडला ही माणसे खोलीत होती, कारण तिथे खोलीच नव्हती. चर्चा गावात, पारावर आणि शेताच्या बांधावर चालत होती. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त भागात आले तेव्हा त्यांच्यापाशी आधुनिक वैद्यकाचे उत्तम शिक्षण होते आणि गावकऱ्यांची मागणी वेगळीच होती. त्यांना पाणी हवे होते आणि पोटाला अन्न हवे होते. डॉक्टरकीच्या दृष्टीने ही विषयांतराची मागणी वाटू शकली असती. आरोळ्यांनी ती आरोग्याचीच मागणी मानली, आणि दुष्काळाची ती वर्षे पाहता ती तशी होतीच, कारण अतिसाराने मरणारे मूल पाण्यामुळे मरत होते आणि गोवराने मरणारे मूल आधी भुकेने खंगलेले होते. तरुण शेतकऱ्यांची मंडळे, महिला मंडळे आणि गावातूनच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा तथाकथित खालच्या जातींतील आरोग्य कार्यकर्त्या यांच्या आधाराने ते काम वाढले. १९७१ च्या सुमारास हजार जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यूदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण, पुढील काही वर्षांत एवढा उतरला की १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी घडवलेल्या आरोग्यकार्यांवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आले, आणि अल्मा आटाच्या विचारामागे ज्या थोड्या प्रत्यक्ष अनुभवांचे बळ होते त्यांत हा एक होता.

त्या कामातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. विंधन विहिरी घेताना त्यांच्या जागा दलित वस्तीत निवडण्यात आल्या. पाणी हा साऱ्या गावाचा अग्रक्रम होता यात शंका नव्हती. परंतु विहीर पाटलाच्या वाड्यापाशी झाली असती तर त्याच अग्रक्रमाचा लाभ गावातील अर्ध्या लोकांना मिळाला नसता, आणि पुढच्या दुष्काळात गावाने एकमताने मागितलेल्या पाण्यापासून दलित बायकांनाच दूर ठेवले गेले असते. वस्तीतल्या पंपावर सवर्ण बायकांनाही यावे लागले. गावाने काय मागितले एवढे ऐकून भागत नाही, गावाच्या नावाने कोण बोलले आणि मागितलेली वस्तू कुठे उभी राहणार, हेही अग्रक्रमाच्या निर्णयात आले पाहिजे. 'लोकसहभाग' हा शब्द सरकारी परिपत्रकांत जितक्या सहजतेने येतो तितक्या सहजतेने हे काम होत नाही, आणि जातीचा प्रश्न टाळून ते कधीच होणार नाही.

गडचिरोलीचा अनुभव यापुढे जातो, कारण तिथे लोकांचे म्हणणे आणि संशोधकांची मोजणी यांचा संघर्ष झाला आणि त्यातून दोन्ही बाजू बदलल्या. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्यात अभय आणि राणी बंग हे दांपत्य १९८६ मध्ये आले व त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. त्यांच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलविषयी होता. सिकलसेल हा आनुवंशिक विकार असून त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना, रक्तक्षय व वारंवार संसर्ग यांनी रोग्याचे आयुष्य कमी होते. जिल्ह्यात हा विकार आहे, हे अभ्यासाने दाखवून दिले. शास्त्रीयदृष्ट्या ते महत्त्वाचे होते. लोकांनी मात्र तो प्रश्न आपला म्हणून उचलला नाही. त्यांनी तो विचारलेला नव्हता, आणि ज्या वेदनेला त्यांच्या बोलीत आणि अनुभवात स्वतंत्र जागा नव्हती तिच्यासाठी आंदोलन उभे राहणे शक्यही नव्हते. संशोधन लोकांवर करायचे की लोकांसह करायचे, हा प्रश्न बंग यांच्या पुढील साऱ्या कामाच्या मध्यभागी आला तो या अनुभवातून.

लोकांना विचारल्यावर जे आले ते वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाला अडचणीत टाकणारे होते. बायकांनी दारूचे नाव घेतले. दारू हा त्या काळातील आरोग्ययोजनांत रोग म्हणून कुठेही नव्हता, पण घरातला पैसा, नवऱ्याचा मार, उपाशी मुले आणि अकाली वैधव्य या सगळ्यांचे मूळ त्या एकाच ठिकाणी दाखवत होत्या. गावोगाव ठराव झाले, मोर्चे निघाले, सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. कायदा झाला म्हणून दारू संपली, असे कोणी म्हणणार नाही. चोरटी विक्री चालू राहिली आणि म्हणून २०१६ मध्ये दारू व तंबाखू यांविरुद्ध 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी कार्यक्रम हाती घ्यावा लागला. तरीही एका संपूर्ण जिल्ह्याने, म्हणजे धानाच्या शेतीचा उत्तर भाग आणि डोंगरी जंगलाचा दक्षिण भाग या दोघांनी मिळून, आरोग्याचा एक प्रश्न आपला म्हणून निवडला आणि तो शासनाकडून मान्य करून घेतला, अशी उदाहरणे महाराष्ट्रात फार नाहीत.

यावरून लोकांना विचारावे आणि तेच करावे, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा लागतो तो राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या अभ्यासामुळे. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक अवयवांचे विकार आढळले, आणि त्यापूर्वी कधी ना कधी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोवर सरकारी परिभाषेत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच होते. ज्या काळी या स्त्रिया पांढरे जाणे, ओटीपोटातील दुखणे, अंग बाहेर येणे ही दुखणी मुकाट्याने सोसत होत्या त्या काळी कोणत्याही गावसभेत हात वर करून अग्रक्रम ठरवले असते तर या दुखण्यांना एकही मत मिळाले नसते, कारण ती बोलायची गोष्टच नव्हती. आणि कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या नोंदवहीतून रोगांची मोजणी केली असती तरी ती दिसली नसती, कारण त्या बायका दवाखान्यात पोहोचल्याच नव्हत्या. एकीकडे लाज आणि दुसरीकडे रिकामी नोंदवही. दोन्ही मार्गांनी तोच आजार हरवतो. तो सापडला तो घराघरांत जाऊन, स्त्रियांशी त्यांच्या शब्दांत बोलून आणि मग तपासणी करून, म्हणजे ऐकणे आणि मोजणे ही दोन्ही कामे त्याच व्यक्तींनी केल्यामुळे. प्रदेशाच्या अग्रक्रमांविषयीचा महाराष्ट्रातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, असे निःसंकोच म्हणता येईल.

नवजात अर्भकांच्या मृत्यूबाबतही तसेच झाले. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंना नवजात मृत्यू म्हणतात. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत, बारशाच्याही आधी गेलेले बाळ गावाच्या मोजणीत क्वचितच येई, आईच्या दुःखाखेरीज त्याची नोंद कुठेही होत नसे. गावोगाव जन्ममृत्यूंची स्वतंत्र नोंद ठेवल्यावर या मृत्यूंचा आकार दिसू लागला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून, घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे इथपर्यंतची कामे त्यांच्यावर सोपवण्यात आली. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला होता, आणि २०११ पासून घरपोच नवजात बालसेवा हे देशभरातील आशा कार्यकर्त्यांचे काम झाले. गावाने हा अग्रक्रम सुरुवातीला मागितला नव्हता. परंतु मोजणीची वही गावातल्याच बाईच्या हाती असल्याने आकडा बाहेरून येऊन पडला नाही, आणि बाळ वाचू शकते हे दिसल्यावर बाळाचे मरण नशिबाच्या खात्यावर टाकण्याची सवय गावानेच सोडली. लोकांची गरज स्थिर नसते. काय शक्य आहे हे कळले की ती बदलते.

आदिवासी गावांशी 'सर्च'ने सुरू ठेवलेल्या संवादातून आरोग्य संसद ही पद्धत आली. गावांचे प्रतिनिधी संस्थेच्या शोधग्राम या आवारात जमतात, आजारांवर चर्चा करतात आणि कोणत्या प्रश्नावर आधी काम व्हावे हे ठरवतात. तिथे हिवतापाला अग्रस्थान मिळाले. रुग्णालय कसे असावे, याबाबतही लोकांना विचारले गेले होते, आणि आदिवासींनी सांगितलेली कारणे ऐकण्यासारखी आहेत: डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, पांढऱ्या कापडात तर प्रेत गुंडाळतात, आजाऱ्याजवळ नातेवाइकांना राहू देत नाहीत, आणि तिथे देव नसतो. म्हणून तिथला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला गेला, नातेवाइकांना राहता येईल असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले गेले. ही सजावटीची बाब समजली जाते, ते चूक आहे. जो दवाखाना रोग्याला भीती घालतो त्यात कितीही चांगले उपचार असले तरी त्यांचा अग्रक्रम कागदावरच राहतो.

आता जिल्ह्याच्या पातळीवरील अडचणीकडे वळले पाहिजे, कारण एका संस्थेच्या कार्यक्षेत्रात जे साधते ते १२ तालुक्यांत आपोआप साधत नाही. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,००० चौरस किलोमीटरांहून अधिक आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७२ हजार, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे. दक्षिणेकडील भामरागड तालुक्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. उत्तरेकडील आरमोरी आणि देसाईगंज हे वैनगंगेच्या खोऱ्यातील, रस्ते व बाजारपेठ असलेले तालुके. आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३,००० मागे एक उपकेंद्र, हा निकष सपाट प्रदेशातील अनुक्रमे ३०,००० आणि ५,००० या निकषाहून उदार असला तरी तो डोकी मोजतो. नाले आणि पुराचे दिवस मोजत नाही.

रोगांचे स्वरूपही एकसारखे राहिलेले नाही. २०११ ते २०१३ या काळात जिल्ह्यातील ८६ गावांत झालेल्या मृत्यूंची कारणे घरच्यांशी सविस्तर बोलून ठरवण्यात आली, तेव्हा दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने, म्हणजे लोक ज्याला लकवा म्हणतात त्याने, झालेला आढळला. हिवतापाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात उच्च रक्तदाब एवढ्या खोलवर पोहोचला आहे, हे अनेकांना अनपेक्षित होते. मग अग्रक्रम कोणाचा? लकव्याने मरणारा माणूस उत्तरेच्या धानपट्ट्यात अधिक सहज नोंदला जातो, त्याचे घर रस्त्याला लागून असते आणि त्याच्या गावचा सदस्य जिल्हा परिषदेत बोलतो. हिवतापाने मरणारे मूल एटापल्ली किंवा भामरागडच्या पाड्यावरचे असते. दोघांपैकी एकालाच निवडावे, असे कोणी म्हणणार नाही, पण गोळ्यांची खरेदी, मच्छरदाण्यांचे वाटप आणि रिक्त पदांवरील नेमणुका यांत दरवर्षी ती निवड होतच असते. सामायिक अग्रक्रमाची खरी कसोटी इथे लागते: ज्या तालुक्यात हिवताप नगण्य आहे त्याने आपल्या वाट्याचा पैसा आणि तंत्रज्ञ दोन पावसाळे दक्षिणेकडे जाऊ देण्यास संमती द्यायची, आणि दक्षिणेने त्या बदल्यात उत्तरेच्या रक्तदाब तपासणीला पुढच्या फेरीत पाठिंबा द्यायचा. डास ग्रामपंचायतीची हद्द पाळत नाहीत, मजूर तेंदूपत्त्याच्या हंगामात तालुके ओलांडतात, तेव्हा ही संमती परोपकाराची राहत नाही, तीत दोघांचेही हित असते. पण हे हित समोरासमोर बसून सांगावे लागते. वरून आलेल्या आदेशाने ते कळत नाही, कळतो तो केवळ अन्याय.

समोरासमोर बसण्याची एक व्यवस्था महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले, आणि त्यातील लोकाधारित देखरेख या घटकाचा प्रारंभ २००७ मध्ये ज्या नऊ राज्यांत झाला त्यांत महाराष्ट्र होता. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे येथील पहिले पाच जिल्हे, आणि राज्य पातळीवर समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे. गावातील समिती आरोग्यसेवांची माहिती गोळा करी, हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत गावाचे प्रगतिपत्रक तयार करी आणि मग जनसुनवाईत, म्हणजे गावकरी, अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्या जाहीर सभेत, ते मांडले जाई. डॉक्टर हजर नसतात, औषध बाहेरून आणायला लावतात, बाळंतपणासाठी पैसे मागतात, अशा तक्रारींना अधिकाऱ्याने लोकांसमोर उत्तर द्यायचे, ही गोष्ट ज्यांनी सरकारी कचेरीत अर्ज घेऊन फेऱ्या मारल्या आहेत त्यांना किती मोठी वाटली असेल, हे वेगळे सांगायला नको. या प्रक्रियेची मर्यादा अशी, की तक्रार ही बहुधा आधीच ठरलेल्या सेवेविषयी असते. काय ठरावे, याचा निर्णय त्याच्या आधीच्या टप्प्यावर, वार्षिक आराखड्याच्या वेळी होतो, आणि तिथे गावाचा आवाज क्षीण असतो. पुढे काही ठिकाणी जनसुनवाईतील प्रश्न आराखड्यात आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीच्या वापरात आणण्याचे प्रयत्न झाले, ते योग्य दिशेने होते.

पैशाचा मुद्दा इथे टाळता येत नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांचा अबंध निधी, म्हणजे कशावर खर्च करायचा हे गावानेच ठरवायचा निधी, ठरला होता. त्यातून गटाराची फरशी आणि ब्लीचिंग पावडर होते, अग्रक्रम बदलत नाहीत. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, लागू असलेल्या क्षेत्रातील ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट देण्याचा महाराष्ट्र शासनाचा २०१५ पासूनचा निर्णय याहून वजनदार आहे, आणि त्याच्या मान्य बाबींत आरोग्य, शिक्षण व स्वच्छता यांचा समावेश आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस देशपातळीवर केली. ज्या सभेच्या हाती काहीच रक्कम नाही तिला अग्रक्रम विचारणे म्हणजे तिची इच्छायादी मागणे होय, आणि इच्छायादीत कोणी कोणासाठी थांबत नाही. हाती रक्कम आली की गाव हिशेब करू लागते, आणि शेजारच्या गावाशी वाटाघाटीही.

सिकलसेलचा प्रश्न आज पुन्हा समोर आला आहे, कारण १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातील शहडोल येथून या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ ही मुदत ठरवली आणि आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे योजले. दुर्लक्षित आजाराला एवढे मोठे स्थान मिळणे स्वागतार्ह आहे, आणि हा विकार ज्या घरांत आहे तिथे हे फार उशिरा आलेले साहाय्य आहे. परंतु १९८६ नंतरच्या गडचिरोलीत जे झाले तेच पुन्हा होण्याचा धोका आहे. तपासणीनंतर हाती येणारे कार्ड विवाहाच्या बोलणीत मुलीच्या विरुद्ध वापरले जाईल की काय, वेदनेचे झटके टाळण्यासाठी जवळच्या केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित मिळेल आणि गरज पडल्यास रक्त मिळेल की नाही, हे प्रश्न तपासणीच्या उद्दिष्टांच्या रकान्यात बसत नाहीत. ते प्रश्न गावेच विचारू शकतात, आणि ती विचारू लागली तर अभियानाचे काम तपासणीच्या आकड्यांपुढे सरकेल.

या सर्व अनुभवातून जिल्ह्याच्या नियोजनासाठी निघणारी सूचना नव्या यंत्रणेची नाही, कारण समित्या आधीच पुरेशा आहेत. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्याने तरतूद आहे. आरोग्याच्या मागण्या आधी तिथे मांडल्या गेल्या आणि आशा कार्यकर्तीने गावातील जन्म, मृत्यू व आजारांची वही त्या सभेत वाचून दाखवली तर ६५० स्त्रियांच्या त्या अभ्यासाने दाखवलेली मुकी दुखणी आपोआप नाही तरी थोडीफार बोलकी होतील. २ ऑक्टोबरची ग्रामसभा पुराचे दिवस सरल्यावर आणि पुढील वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव सुरू होण्याच्या सुमारास येते, म्हणून मागण्या नोंदवण्यास ती सोयीची. तालुक्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून क्रम लावायचा तो त्यानंतर. आराखड्यात मात्र एक प्रकरण आजवर कधीही नसलेले असावे: कोणत्या गावांच्या कोणत्या मागण्या या वर्षी घेतल्या नाहीत, कोणत्या कारणाने घेतल्या नाहीत, आणि त्या कोणत्या वर्षी पुन्हा विचारात येतील. हे प्रकरण १ मेच्या ग्रामसभेत वाचले गेले पाहिजे, भामरागड आणि एटापल्लीत माडिया व गोंडी बोलीतून, आणि वाचणारा अधिकारी शिपाई किंवा लिपिक नसावा, तालुका आरोग्य अधिकारी असावा, कारण नकाराचे कारण विचारले गेले तर ते सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो आणि लोकांनी दिलेले उत्तर वरच्या बैठकीत नेण्याची जबाबदारीही.